कुंपणावरचा दुसरा भाग

“वहिनी, अहो वहिनी! जरा या इकडे कुंपणाशी. गॅस बारीक करून या, बातमी मोठी आहे.”

वहिनी आल्या त्या उजव्या हाताची कणीक तशीच घेऊन. शिकागोच्या पश्चिमेला, नेपरव्हिलमध्ये, आमची घरं पाठीला पाठ लावून उभी आहेत आणि मधे खांद्याएवढं लाकडी कुंपण. गेल्या अकरा वर्षांत त्यावरून काय काय गेलं नाही? मेथीच्या जुड्या, इडलीचं पीठ, दिवाळीचे डबे, सुनांची गाऱ्हाणी, भारतातून आलेल्या फोनची रडारड. वहिनींच्या फडताळात कुठल्या डब्यात काय आहे ते मी डोळे मिटून सांगेन. माहेर अमरावतीचं, कॉलेज तिथलंच, सासर नागपूरचं, उजवा गुडघा दुखतो, वांगं चालत नाही. माणूस बोलायला लागलं की मला अर्ध्या वाक्यात पुढचं कळतं. देवाची देणगी, दुसरं काय!

आणि आमच्या कुंपणाला जिथे तिसरं कुंपण येऊन मिळतं, त्या कोपऱ्यात राहतात लेखिकाबाई. नाव घेत नाही. कान तिखट आहेत त्यांचे.

“पुस्तक झालं बाईंचं!” मी म्हटलं.

“ते बेसबॉलचं? ते तर केव्हाच छापून आलं.”

“तो पहिला भाग. हा दुसरा. चार वर्षं चालला होता. काल पहिल्यांदा त्यांच्या खोलीतला दिवा दहाला बंद झाला. मी मुद्दाम पाहत नाही हो, आमच्या बाथरूमची खिडकीच तिकडे उघडते. आणि आज सकाळी बाई डेकवर बसून डब्यातूनच आइस्क्रीम खात होत्या. मी म्हटलं, काँग्रॅच्युलेशन्स. त्या म्हणाल्या, कशावरून ओळखलंत? म्हटलं, सकाळी साडेआठला माणूस आइस्क्रीम खातं ते एक घटस्फोट झाल्यावर, नाहीतर पुस्तक झाल्यावर. घटस्फोट तर तुमचा जुना झाला.”

वहिनी हसल्या. “मग? काय आहे दुसऱ्या भागात?”

“तेच तर सांगायला बोलावलं. पहिला वाचलात का तुम्ही?”

“चाळला.”

“म्हणजे नाहीच वाचला. थांबा, मुळापासून सांगते.”

वहिनींनी कोपर कुंपणावर टेकलं. त्यांचा हा गुण मला फार आवडतो. ऐकून घेतात.

“दुसरं महायुद्ध. पुरुष खेळाडू एकेक करून फौजेत चाललेले. इथल्या शिकागो कब्सचे मालक फिलिप रिग्ली, हो, ते च्युइंगगमवालेच, त्यांना घोर लागला, की मैदानं ओस पडली तर करायचं काय? म्हणून १९४३ साली त्यांनी बायकांची लीग काढली. मे महिन्यात रिग्ली फील्डवर निवड झाली, कुठून कुठून पोरी आल्या. संघ चारच. विस्कॉन्सिनमधले रॅसीन आणि केनोशा, इंडियानातलं साउथ बेंड, आणि आपलं हे रॉकफर्ड, आपण त्या लग्नाला गेलो होतो बघा, ज्यात पनीर कच्चं होतं, तेच. आणि नावं काय ठेवावीत! रॅसीन बेल्स, रॉकफर्ड पीचेस, पुढे फोर्ट वेन डेझीज, ग्रँड रॅपिड्स चिक्स. म्हणजे पुरुषांचे संघ वाघ आणि समुद्री चाचे, आणि बायकांचे कोण? तर सुंदऱ्या, फळं, फुलं आणि कोंबडीची पिल्लं.”

“पैसे बरे द्यायचे पण,” वहिनी म्हणाल्या.

“आठवड्याला ४५ ते ८५ डॉलर! त्या काळी! शेतावरच्या, कारखान्यातल्या पोरी त्या. कित्येकींच्या बापांना तेवढा पगार नव्हता. पण अटी ऐका. आखूड केस चालणार नाहीत. चारचौघांत सिगरेट, दारू नाही. लिपस्टिक लावल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. पहिल्या वर्षी तर दिवसभर सराव आणि संध्याकाळी हेलेना रुबिनस्टाईनच्या ब्यूटी सलूनतर्फे शिकवण्या, कसं चालायचं, कसं बसायचं. प्रत्येक संघाबरोबर देखरेखीला एक शॅपरोन, म्हणजे आपल्या होस्टेलच्या रेक्टरबाई. आणि खेळायचं कशात, तर स्कर्टमध्ये! बेसकडे घसरत जायचं, तेही उघड्या पायांनी. मांड्या सोलवटून निघायच्या, आणि त्या जखमेला पोरी म्हणायच्या स्ट्रॉबेरी.”

“मांडी पुढून नाही सोलवटत, ताई. बाजूने, कुल्ल्यापासून खाली. आणि दुसऱ्या दिवशी परत त्याच बाजूवर घसरायचं असतं. तेव्हा खरी मजा.”

“तुम्हाला काय ठाऊक?”

“फोटो पाहिला होता कुठेतरी.”

“असेल. तर सांगत काय होते, रिग्ली फील्डवर रात्री दिव्यांच्या उजेडात पहिल्यांदा खेळ झाला तो या बायकांचा, १९४३ च्या जुलैत, तात्पुरते दिवे आणून. आणि पुरुषांच्या कब्सना तिथे कायमचे दिवे कधी मिळाले? १९८८ च्या ऑगस्टमध्ये! पंचेचाळीस वर्षांनी. हे बाईंनी मला सांगितलं तेव्हा मी घरी येऊन आमच्या यांना सांगितलं. हे म्हणाले, आज कब्सची मॅच आहे का? असा आमचा संसार.

“तर पहिला भाग १९४३ चा. एक पिचर पोरगी, विस्कॉन्सिनच्या डेअरीवाल्याची. घरातून पळून येते, निवडली जाते, संघ जिंकतो, शेवटच्या पानावर सगळ्या तिला खांद्यावर उचलून घेतात. गोड शेवट. पुस्तक बरं चाललं. मग प्रकाशक म्हणाला, दुसरा भाग द्या. आणि तिथून बाईंच्या मागे साडेसाती लागली. मला म्हणाल्या, पहिला भाग मी लिहिला तेव्हा मला कोणी ओळखत नव्हतं. दुसरा लिहायला बसले, तर वाचक खुर्चीच्या मागे येऊन उभे. सगळ्यांना काय हवं होतं, तर तीच पोरगी परत जिंकायला. मी म्हटलं, बाई, बरोबर आहे. आपलं पान वाढून जेवण झालं, विडा खाल्ला, आणि आता यजमान म्हणतायत, परत बसा, तेच सगळं पुन्हा वाढतो. कुठून जाणार घास?”

“हे त्यांना इंग्रजीत सांगितलंत?”

“विडा सोडून सगळं सांगितलं. तर पहिली दोन वर्षं तर दुसरा भाग लिहिण्याआधी पहिलाच दुरुस्त करण्यात गेली. वाचकांची पत्रं! एका म्हाताऱ्या कोचनी लिहिलं, तुमच्या नायिकेची मैत्रीण डावखुरी दाखवली आहे आणि ती शॉर्टस्टॉप खेळते, असं कुठे असतं का? मला बाई त्यात काय चुकलं तेच कळेना. डाव्या हाताने खेळू नये काय माणसाने?”

“अहो, साधं आहे,” वहिनी म्हणाल्या आणि कणकेच्या बोटाने कुंपणाच्या फळीवर चौकोन काढला. “शॉर्टस्टॉप उभी असते इथे, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे. चेंडू अडवला की फेकायचा इकडे, पहिल्या बेसला. उजव्या हाताची अडवते त्याच ओघात फेकते. डावरीला आधी अख्खं अंग फिरवावं लागतं. तेवढ्यात पळणारी पोचलेली असते. डावरीने पहिल्या बेसवर उभं राहावं, नाहीतर पिच करावं. नाहीतर लांब, आउटफिल्डला.”

“अगदी! बाईंनीही अस्साच चौकोन काढला होता, माझ्या शिऱ्याच्या ताटलीत. मला दोनदा सांगावं लागलं. तुम्ही एकदाच ऐकून पकडलंत, हुशार आहात हो. तर आता छापलेलं खोडता येतं का? मग बाईंनी काय केलं, दुसऱ्या भागात पहिल्याच प्रकरणात नवा मॅनेजर येतो आणि त्या मैत्रिणीला विचारतो, तुला इथे कुणी उभं केलं होतं गं? आणि पाठवतो पहिल्या बेसवर. झालं! चूक लेखिकेची, बोलणी खाल्ली पात्राने.

“पण दुसरी चूक त्याहून मोठी. पहिल्या भागात नायिका खांद्यावरून सप्पकन चेंडू टाकते असं वर्णन. आणि १९४३ साली तर या लीगमध्ये खांद्यावरून टाकायचाच नाही! हात खालून, कमरेखालून फिरवायचा, सॉफ्टबॉलसारखा. सुरुवातीला तर लीगचं नावच मुळी सॉफ्टबॉलचं होतं. एका बाईचं पत्र आलं, की माझी आई त्या लीगमध्ये होती, ती जन्मात कधी खांद्यावरून बोलली नाही. म्हणजे बोलली नाही नाही हो, टाकला नाही. बाईंना दोन रात्री झोप नव्हती. नव्या आवृत्तीत अकरा ठिकाणी हात खाली आणला त्यांनी.

“आणि त्या चुकीतूनच दुसऱ्या भागाचं सूत सापडलं, बरं का. कारण खेळ सारखा बदलत होता. त्यांच्या फ्रिजवर तक्ता लावलाय, मी शिऱ्याची ताटली परत आणायला गेले तेव्हा नीट वाचला. १९४३ साली चेंडूचा घेर बारा इंच, १९५४ साली सव्वानऊ. पिचरपासून बॅटवालीपर्यंत ४० फूट होते ते शेवटी ६० झाले. दोन बेसमधलं अंतर ६५ फूट होतं ते ८५. दरवर्षी चेंडू लहान आणि मैदान मोठं. आणि १९४८ साली नियम आला, आता खांद्यावरूनच टाकायचा. खालून टाकण्यात ज्यांची हयात गेली त्यांनी काय करायचं? कॉनी विस्निएव्स्की नावाची ग्रँड रॅपिड्सची पिचर होती, लोखंडी बाईच म्हणायचे तिला, एका दिवसात दोन-दोन सामने टाकायची. तिला पिचिंग सोडून आउटफिल्डला जावं लागलं. आणि तिथेही तिने बॅटीने नाव काढलं, हे वेगळं. पण बाईंना वाटलं, खरी गोष्ट ही आहे. खेळ तोच, पोरगी तीच, आणि एके दिवशी सकाळी सांगतात, हात वर कर.”

वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांचा फोडणीचा वास येतो का म्हणून मी नाक पुढे केलं. नव्हता येत.

“मग लिहिला पहिला खर्डा. त्यात नायिका हिवाळाभर गोठ्याच्या भिंतीवर चेंडू आपटून खांद्यावरून टाकायला शिकते आणि परत जिंकते. न्यूयॉर्कच्या संपादिकेचं पत्र आलं, चांगलं बारा पानी. त्यातलं बाईंनी मला एकच वाक्य सांगितलं, हे तुम्ही पहिलंच पुस्तक परत लिहिलंय. बाई तीन दिवस बागेत तण उपटत होत्या. मी इकडून विचारलं, काय उपटताय? म्हणाल्या, नायिका. अहो, चारशे पानं! एवढ्या पानांत आपल्याकडे तीन दिवाळी अंक निघतात.

“दुसऱ्या खर्ड्यात त्यांनी वेगळाच घाट घातला. पहिल्या भागाबद्दल त्यांच्या मनात एक टोचणी होती. त्यात सगळ्या पोरी गोऱ्या. कारण लीगच तशी होती. पुरुषांच्या मोठ्या लीगमध्ये १९४७ साली जॅकी रॉबिन्सन आला, पण बायकांच्या लीगने १९५४ मध्ये बंद पडेपर्यंत एकाही कृष्णवर्णीय मुलीला घेतलं नाही. आणि त्याच १९४७ साली या लीगचं सराव शिबिर कुठे? क्यूबात, हवानाला! क्यूबाच्या गोऱ्या दिसणाऱ्या मुली पुढे घेतल्या, घरच्या कृष्णवर्णीय मुली नाही घेतल्या. मेमी जॉन्सन नावाची मुलगी व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाला निवड चाचणीला गेली, तर तिला मैदानातही उतरू दिलं नाही. तिची उंची सव्वापाच फूट, टोपणनाव पीनट, शेंगदाणा! हा शेंगदाणा पुढे पुरुषांच्या नीग्रो लीगमध्ये पिचर झाला, इंडियानापोलिस क्लाउन्सकडून. तिच्याआधी त्याच संघात १९५३ साली टोनी स्टोन आली, दुसऱ्या बेसवर. हँक एरन वर्षभर आधी त्याच संघातून वर गेला होता. आणि १९५४ मध्ये कॉनी मॉर्गन. तिघी बायका, पुरुषांत खेळल्या, आणि स्कर्टवाल्या लीगने त्यांना दारात उभं केलं नाही.”

“मग बाईंनी काय केलं?”

“न्याय करायला निघाल्या. एक कृष्णवर्णीय पिचर निर्माण केली आणि दिली तिला नायिकेच्या संघात जागा. सगळ्या पोरी तिला मिठ्या मारतात वगैरे. दीडशे पानं झाली. आणि मग एक दिवस स्वतःच काढून टाकली. मी म्हटलं, का हो? इतकी छान पोरगी. तर म्हणाल्या, जी जागा तिला कोणी दिलीच नव्हती ती मी कागदावर दिली, तर ज्यांनी दार लावलं त्यांचं पाप मीच धुऊन दिल्यासारखं होतं. वाचक म्हणणार, चला, तेव्हाही माणसं चांगलीच होती. पटलं मला ते. आपल्याकडे नाही का, मेल्यानंतर सगळ्या सासवा प्रेमळ होतात.

“आता पुस्तकात ती मुलगी फाटकाबाहेर उभी आहे. नायिकेच्या हातून सरावात एक चेंडू बाहेर जातो, ती उचलून परत टाकते आणि नायिकेच्या तळहाताला झिणझिण्या येतात. नायिका आभार मानते आणि वळते. बस. दीडशे पानांची दोन पानं झाली, आणि ती वळल्याची रुखरुख उरलेल्या सगळ्या पुस्तकभर. त्या सिनेमातही असा एक प्रसंग आहे म्हणे, १९९२ च्या ‘अ लीग ऑफ देअर ओन’मध्ये, त्यामुळे बाई घाबरत होत्या, लोक म्हणतील उचलला. मग त्यांनी त्या मुलीला पुढे स्वतःची वाट दिली, क्लाउन्सच्या बसमधून. नायिकेला ती पुन्हा दिसते ती फक्त वर्तमानपत्रात.”

“आणि लीग बंद कशी पडते? ते आहे का?”

“आहे ना! तिथेच तर घोडं अडलं. १९४८ साली दहा संघ होते, वर्षात नऊ लाखांवर माणसं पाहायला आली. मग युद्ध संपून गेलेलं, पुरुष परतलेले, घरोघरी टीव्ही. १९५१ पासून मध्यवर्ती कारभारही संपला, ज्याने त्याने आपापला संघ चालवायचा. १९५२ मध्ये हॅरिसबर्गच्या पुरुषांच्या संघाने एलेनॉर एंगल नावाच्या स्टेनोग्राफर मुलीशी करार केला, तिने गणवेशही घातला, तर वरून हुकूम आला, बायकांशी करार करायचा नाही, केलेला रद्द. एकही चेंडू न खेळता घरी. आणि १९५४ मध्ये पाच संघ उरले, कॅलमाझू जिंकलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात लीग नाही. निरोप समारंभ नाही, काही नाही. दिवा विझला की घरातली माणसं जशी आपापल्या खोलीत जातात तशा पोरी घरी गेल्या. सहाशेच्या वर बायका त्या अकरा-बारा वर्षांत खेळून गेल्या होत्या, वहिनी. एकीने, सोफी कुरिस नाव तिचं, एका मोसमात २०१ बेस चोरले होते! डॉटी कॅमेनशेक फिजिओथेरपिस्ट झाली. कोणी शाळेत शिकवायला लागलं, कोणी कारखान्यात, कोणाची लग्नं झाली. आणि बहुतेक सगळ्या गप्प बसल्या.

“बाईंनी जुन्या खेळाडूंच्या मुलाखती ऐकल्यात. त्यात हेच परत परत येतं म्हणे. सांगितलं तर लोक म्हणायचे, हो हो, सॉफ्टबॉल ना, मजेमजेत. मग सांगणंच सोडलं. मुलांनाही पत्ता नाही. १९८२ मध्ये इथे शिकागोला पुनर्भेट झाली, तेव्हा एकमेकींना शोधून काढलं. १९८८ च्या नोव्हेंबरात कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं दालन झालं, मग सिनेमा आला, आणि मग नातवंडं विचारायला लागली, आजी, खरंच का गं?

“तर बाईंचा प्रश्न हा, की पहिल्या भागात बायका खेळल्या. दुसऱ्यात तीस वर्षं गप्प बसल्या. गप्प बसण्याची कादंबरी कशी लिहायची? खेळाला धावा असतात, हारजीत असते. गप्प बसण्याला काय असतं? नायिका भांडी घासते, नायिका मुलांना शाळेत सोडते, नायिका काही बोलत नाही. प्रकरण दहा, नायिका अजूनही काही बोलत नाही!

“आणि इथे मी येते, वहिनी.” मी आवाज खाली आणला. “मागच्या मार्चमध्ये, बर्फ वितळत होतं, मी त्यांना पुरणपोळी द्यायला गेले. बाई कार्डं पसरून बसलेल्या, जमिनीवर, सोफ्यावर, कुत्र्यावरसुद्धा एक. मला म्हणाल्या, तिने नवऱ्याला सांगितलं नाही, मुलांना सांगितलं नाही, आता मी काय करू? मी सहज म्हटलं, नवऱ्याचं सोडा, शेजारणीला तर कळलंच असेल की! बाई पुरणपोळीचा तुकडा हातात धरून थांबल्या. मी म्हटलं, आमच्या भाषेत ‘गप्प’ आणि ‘गप्पा’ यांत एका कान्याचा फरक आहे. बाई जितकी गप्प, तितक्या तिच्या शेजारणीच्या गप्पा जास्त. त्यांनी लगेच कार्डावर लिहून घेतलं. तुपाचं बोट तसंच.

“आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं पुस्तक मोडून परत लिहायला घेतलं! आता अख्खा दुसरा भाग सांगते कोण, तर नायिकेची शेजारीण! तीस वर्षं कुंपणाशी उभी राहणारी. तिला नायिकेचं सगळं ठाऊक. कुठला साबण, कुठलं दुखणं, नवऱ्याचा पगार, पोराचे मार्क. फक्त एकच गोष्ट तिला ठाऊक नाही, की ही बाई कधीकाळी हजारो लोकांसमोर पिच करत होती. बोलता बोलता तिच्यासमोर सगळं येतं, वाचकाला दिसतं, आणि ही बया आपली भोपळ्याच्या वड्यांवर बोलते. सामन्यांची सगळी प्रकरणं काढून टाकली बाईंनी. म्हणाल्या, ज्या वाक्यांवर माझं सगळ्यात जास्त प्रेम होतं ती सगळी गेली. चेंडू टाकण्याचा प्रसंग आता एकच आहे. साठच्या दशकातली एक संध्याकाळ, शेजाऱ्यांच्या मुलाचा चेंडू नायिकेच्या अंगणात येतो. ती ॲप्रनला हात पुसते, उचलते, आणि टाकते. सरळ, झाडांवरून, पोराच्या हातात. पोरगं बघतच राहतं. आणि शेजारीण काय म्हणते? म्हणते, कपडे पिळून पिळून हिचे हात दणकट झालेत.”

वहिनी एकदम खळखळून हसल्या. इतक्या, की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसताना कपाळाला कणीक लागली.

“हसताय काय? मला तर रागच आला त्या शेजारणीचा. अहो, समोर चेंडू टाकतेय बाई, आणि हिला कळू नये? मला त्याच क्षणी कळलं असतं.”

“तुम्हाला तर नक्कीच, ताई.”

“मी विचारलंही बाईंना, की मला धरून लिहिलंय का हो? त्या म्हणाल्या, छे छे. आणि आइस्क्रीम हवंय का विचारलं. पण मी म्हटलं, शेवटी तरी कळतं का तिला? तर हो म्हणाल्या. त्याच शेवटाने वर्षभर छळलं त्यांना. एका खर्ड्यात शेजारीण नायिकेला मिठी मारून रडते. काढलं. एकात नायिका म्हातारपणी परत मैदानात उतरते. काढलं. आता १९८८ आहे, शेजारणीला गावच्या पेपरात कूपर्सटाउनचा फोटो दिसतो, त्यात हिचं माहेरचं नाव. ती पेपर घेऊन कुंपणापर्यंत जाते. तिकडे नायिका कपडे वाळत घालतेय. शेजारीण पेपर पाठीमागे धरते आणि विचारते, आज ऊन बरं आहे ना?”

“विचारत नाही?”

“नाही ना! तिच्या लक्षात येतं, की तीस वर्षं आपणच बोलत होतो. हिने सांगितलं नाही असं म्हणायचं, पण आपण कधी विचारलं होतं? म्हणून आज पहिल्यांदा ती गप्प उभी राहते. आणि मग नायिका बोलायला लागते. तिथे पुस्तक संपतं. आता मला सांगा, हा काय शेवट झाला? नायिका काय बोलली ते नको का द्यायला? चार वर्षं घालवली आणि ऐन वेळी दार लावून घेतलं. मी तसं स्पष्ट सांगितलं बाईंना.”

“काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, तिसऱ्या भागात बघू.”

वहिनी थोडा वेळ त्या फळीवरच्या कणकेच्या चौकोनाकडे पाहत होत्या. कणीक वाळून पांढरी झाली होती. त्या म्हणाल्या, “ताई, अमरावतीला आमच्या कॉलेजला असताना ना…”

“अगंबाई, अमरावतीवरून आठवलं!” मी म्हटलं. “तुमच्या भावाने पाठवलेलं ते तिखट संपलं का हो? असेल तर वाटीभर द्या. आमच्याकडे आज भरली… नाही, वांगं तुम्हाला चालत नाही, जाऊ दे. आणि तुम्हाला लिंबू हवं होतं ना काल? थांबा, आणलंय मी.”

मी पदराच्या गाठीतून लिंबू काढलं आणि दिलं भिरकावून. पण माझा नेम म्हणजे काय सांगावा! गेलं ते वहिनींच्या डोक्यावरून, डावीकडे, चांगलं हातभर लांब, त्यांच्या स्वयंपाकघराच्या काचेवरच. मी डोळे मिटले. काचेचा आवाज आला नाही. उघडून पाहते तर वहिनी दोन पावलं मागे, अंग वळलेलं, डावा हात वर, आणि लिंबू हातात. दुखरा गुडघाही विसरल्या होत्या.

“वाचली काच!” मी म्हटलं. “नशीब बाई तुमचं!”

“हो ना,” वहिनी म्हणाल्या. लिंबू त्यांनी दोनदा हातातल्या हातात उडवलं, बोटं त्यावर नीट बसवून पाहिली, आणि मग कमरेखालून, हात खालून फिरवत, हलकेच माझ्याकडे परत टाकलं. बरोबर माझ्या तळहातात. “राहू दे तुम्हाला. आहे माझ्याकडे एक.”

आत त्यांचा कुकर तिसरी शिट्टी देत होता, त्या गेल्या.

मी घरात आले आणि आमच्या यांना सांगितलं, वहिनींना खेळातलं ओ की ठो कळत नाही, तरी बिचारीने पाऊण तास उभं राहून ऐकून घेतलं. लिंबू मात्र काय झेललं! हे म्हणाले, कसं काय? मी म्हटलं, त्यात काय एवढं, उजव्या हाताला कणीक होती ना, म्हणून डावा पुढे केला. इतकी वर्षं पोळ्या उलथून उलथून हात तयार झालाय, दुसरं काय.